वहिनीचा फळा

आमच्या वहिनीला दोन गोष्टी जमत नाहीत. एक म्हणजे गप्प बसणं आणि दुसरी म्हणजे अक्षर अर्धवट सोडून शिडीवरून खाली उतरणं. शेजारी आग लागली तरी ती आधी हातातला काना पुरा करील आणि मग बादली शोधायला जाईल. मी तिची नणंद. शिडी धरायचं काम माझ्याकडे आहे. जमिनीवर असते तेव्हा ती मला 'वन्सं' म्हणून अहो-जाहो करते आणि शिडीवर चढली की "अगं धर ना नीट, झोपलीस का?" असं ओरडते. मी बऱ्याचदा भांडते, पण शिडी सोडत नाही.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. उसवलेलं शिवायचं, लांब असेल ते आखूड करायचं, आखूड असेल त्याची दुमड सोडायची. वहिनी पाट्या रंगवते. मुळात हा धंदा माझ्या भावाचा. अक्षराची रेघ तो मारायचा आणि आतला रंग ती भरायची. तो अचानक गेला तेव्हा तिला भरता येत होतं, आखता येत नव्हतं. नातेवाइकांनी दुसरं काहीतरी बघ म्हणून सांगितलं. हिने एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं, आणि कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या दुकानाची मोठी लाकडी पाटी मागून आणली. पाटी भावाच्या हातची होती. तिच्यावर पांढरा रंग मारून त्यावर ती आखायला शिकली. भावाचं अक्षर पुसलं म्हणून मी चिडले, तर म्हणाली, "वन्सं, त्यांचं अक्षर जपत बसले तर माझं कधी येणार?" मी शिडी धरली.

तीच पाटी पुढे तरुण मंडळाचा फळा झाली. आमचं मंडळ म्हणजे लाँड्रीच्या मागची एक लांबट खोली. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल-टेनिसचं टेबल, थोपटल्याशिवाय चालू न होणारा कॉम्प्युटर, भिंतीकडेला अभ्यासाची बाकं. संध्याकाळी गल्लीतली वयात येणारी पोरंपोरी तिथे जमतात. मंडळाचा अध्यक्ष आमचा न्हावी. कुणाची मुलाखत असली की तो आदल्या दिवशी केस कापून देतो, मग गरज नसताना चष्मा लावून साहेब होतो आणि कापलेल्या केसांसकट त्या पोराची उलटतपासणी घेतो. पँट-शर्ट मी बेताचे करून देते. आणि काही चांगलं घडलं की वहिनी ते फळ्यावर लिहिते.

ही फळ्याची कल्पना तिचीच. ती म्हणाली, दुकानांची नावं हातभर अक्षरांत आणि पोरांची नावं फक्त हजेरीत आणि तक्रारीत, हे काही बरं नाही. तेव्हापासून दर शनिवारी गल्लीच्या तोंडाशी, बस वळते तिथे, एका पोराचं किंवा पोरीचं नाव लागतं. मार्कांचं कौतुक करायला शाळा आहे, म्हणून मार्क फळ्यावर येत नाहीत. कुणी पाण्याची भीती घालवून पोहायला शिकलं, कुणी मंडळाचा पंखा खोलून परत जोडला आणि तो फिरलासुद्धा, कुणी आईच्या ऑपरेशननंतर घर सांभाळलं, असलं येतं. नावही दाखल्यावरचं नाही, गल्ली ज्या नावाने हाक मारते ते. दर आठवड्याला वहिनी अख्खा फळा पांढरा करते आणि वरचं 'अभिनंदन'सुद्धा नव्याने लिहिते. मी एकदा म्हटलं, तेवढा शब्द राहू दे की, तुझाच वेळ वाचेल. तर म्हणाली, "शिळं अभिनंदन मी कुणाला देत नाही."

आता बांबूबद्दल सांगते. बांबू म्हणजे बसड्रायव्हरचा मुलगा. उंची अशी की त्याची पँट लांब करता करता माझ्याकडची दुमड संपली. घरी बापलेक दोघंच. बाप स्वभावाने चांगला, पण बोलायला कर बसतो की काय असं वाटावं इतका अबोल. बांबूने लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून अर्ज केला होता. लेखी झालं, हातकाम झालं, शेवटची मुलाखत राहिली. न्हाव्याने त्याला इतके प्रश्न विचारले की लिफ्टलाही घाम फुटला असता. सगळ्या मंडळाचं ठरलंच होतं, हा लागणार. निकाल शुक्रवारी संध्याकाळी कळायचा होता आणि फळा शनिवारचा. तेलाचा रंग वाळायला वेळ लागतो, म्हणून वहिनी नेहमीच आधी लिहून ठेवते. आजवर कधी चुकलं नव्हतं. तिने गुरुवारीच लिहिलं, 'अभिनंदन, बांबू', आणि खाली, 'लिफ्ट कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून निवड'. मी म्हटलं, "बाजारात तुरी!" ती वरूनच म्हणाली, "तू शिडी धर."

फळा तयार आहे म्हटल्यावर पोरांना कुठला दम निघतोय? त्यांनी शुक्रवारीच तो टांगला. बांबू निकाल घेऊन वळणावर आला तेव्हा अख्खी गल्ली टाळ्या वाजवत उभी होती. तो थांबला, त्याने फळा वाचला, मग हसला. न्हाव्याने त्याला उचलायचा प्रयत्न केला आणि स्वतःच पडता पडता वाचला. तेवढ्यात बापाची बस आली. त्या माणसाने थांबा नसताना बस थांबवली, खिडकीतून मान काढली आणि मोठ्याने, पार मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा, फळा वाचून दाखवला. "माझा मुलगा," म्हणाला. इतकी वाक्यं एका वेळी मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

सोमवारपासून बांबू डबा घेऊन कामावर जाऊ लागला.

बुधवारी वहिनीला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका औषधाच्या दुकानाच्या शटरवर नाव लिहायचं होतं. ती वर, मी खाली. नाव निम्मं झालं असताना तिचा हात थांबला. मला वाटलं ब्रश वाळला. ती समोरच्या बागेकडे बघत होती. मग अर्धं अक्षर तसंच सोडून ती खाली उतरली. असं ती कधीच करत नाही. बागेतल्या बाकावर बांबू बसला होता. मीच लांब केलेली पँट, मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. आम्हाला बघून तो उठला आणि पुन्हा बसला.

"आज सुट्टी?" मी विचारलं. कधीकधी माझ्याइतकं मूर्ख मीच बोलू शकते.

"नाही आत्या," तो म्हणाला. "मला घेतलंच नाही."

वहिनी त्याच्या शेजारी बसली. तो खाली बघूनच बोलत होता. "शुक्रवारी तेच सांगायला येत होतो. वळणावर आलो तर टाळ्या. मग बाबांनी बस थांबवली. काकू, बाबांना एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं. कसं सांगू मी?"

"इथे येतोस कसा?"

"चालत. बसने आलो तर सगळे ड्रायव्हर-कंडक्टर ओळखतात."

इतक्या लांब तो रोज चालत येत होता, आमच्या टाळ्यांची लाज राखायला. मला त्या क्षणी वहिनीचा राग आला, न्हाव्याचा आला, टांगणाऱ्या पोरांचा आला आणि सगळ्यात जास्त त्या लिफ्ट कंपनीचा आला. तरी डोकं शांत ठेवून मी म्हटलं, "हे बघ, शनिवारसाठी फळा पांढरा व्हायचाच आहे. चिमणीचं नाव लागणार आहे, टेबल-टेनिसचं. हे आपोआप जाईल. मग महिन्याभराने सांगायचं, नोकरी आवडली नाही, सोडली. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बांबूने आशेने वहिनीकडे बघितलं. गप्प बसणं तिला जमत नाही म्हटलं ना, त्या दिवशी जमलं.

"तू खोटं बोलला नाहीस," ती शेवटी म्हणाली. "खोटं मी लिहिलं, तू फक्त वाचलंस. ते निस्तरायचं मलाच आहे. पण बाबांना तू सांग. आज सांग, मी बरोबर येते. माझ्या चुकीपायी तू रोज असा बाकावर बसणार असलास तर मला पुन्हा ब्रश हातात धरवणार नाही."

"ते खचतील, काकू."

"खचले तर आपण आहोत की. या वन्सं आहेत. भांडून उभं करतील त्यांना."

संध्याकाळी आम्ही डेपोत गेलो. ड्रायव्हर बसची काच पुसत होता. आम्हा तिघांना एकत्र बघून तो फडकं हातात घेऊन खाली आला. बांबूने सांगितलं. एका दमात, मान वर करून सांगितलं, मला अभिमान वाटला. बाप ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "माहीत आहे."

त्याने हातातलं फडकं झटकलं.

"सोमवारीच कळलं. बागेवरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने सांगितलं, तुझा मुलगा एकटाच बसलाय म्हणून."

"मग मला बोलला का नाहीत?" बांबूचा आवाज फुटला. "डबा कशाला भरून देत होता रोज?"

बापाने फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "बसलास तरी भूक लागणारच ना. आणि मला वाटलं, त्या फळ्याने तुला एवढा आनंद झालाय, तो मी कशाला मोडू? शुक्रवारी हसलास तू तिथे."

"मी तुमच्यासाठी हसलो होतो!"

"मी तरी कुणासाठी बस थांबवली होती?" बाप म्हणाला.

मग दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना. दोघंही उंच, दोघंही अवघडलेले. शेवटी बापाने ओल्या फडक्यासकट त्याला जवळ घेतलं आणि माझ्या शिलाईच्या शर्टावर पाठभर काळा डाग पडला. वहिनी उगाचच बसवरचा नंबर वाचत उभी होती. नाक मात्र ओढत होती.

शनिवारी मंडळात सगळी पोरं जमली तेव्हा वहिनी उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "गेल्या आठवड्यात फळ्यावर जे लिहिलं ते खरं नव्हतं. मी निकालाआधी रंगवलं. चूक माझी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली." न्हावी खाली मान घालून चष्मा पुसत बसला. बांबू म्हणाला, "मला घेतलं नाही. परवा सोमवारी गॅरेजमध्ये विचारायला जाणार आहे. टाळ्या आत्ता नकोत, प्लीज." यावर कुणीतरी हसलं, मग तोही हसला, आणि खोलीतली हवा हलकी झाली.

वहिनीने या वेळी गुरुवारी फळ्याला हातच लावला नव्हता. तिने मग चिमणीला विचारलं, एक आठवडा थांबशील का, कारण तो शनिवार चिमणीचा होता. चिमणी गल्लीतली सगळ्यात लहान आणि सगळ्यात हट्टी. ती हातातली बॅट फिरवत म्हणाली, "माझं पुढच्या शनिवारी लिहा. पण मोठ्या अक्षरांत हं. बांबूपेक्षा मोठ्या."

आम्ही फळ्याशी गेलो. मी शिडी धरली. वहिनीने पांढऱ्या रंगात रुंद ब्रश बुडवला आणि सवयीने वरून सुरुवात करणार, तोच तिचा हात थबकला. मग तिने खालची ओळ पुसली, नोकरीची, निवडीची. दोन-तीन हात मारले, पार दिसेनाशी केली. वर 'अभिनंदन, बांबू' तसंच राहिलं. ती ब्रश धुवायला खाली उतरली.

"आणि ते?" मी विचारलं. "शिळं अभिनंदन देत नाहीस ना तू?"

"ते शिळं नाही, वन्सं," ती म्हणाली. "चूक खालच्या ओळीत होती, त्या दोन शब्दांत नाही."

सोमवारी सकाळी मला बाजारात दोरे आणायला जायचं होतं, म्हणून बस पकडली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बांबू बसला होता, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. शर्टावरचा डाग मी काढून दिला होता, तरी जरासा दिसत होता. वळणावर बस थांबली. थांबा नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, आता काय झालं? ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली आणि पार मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं.

"अभिनंदन, बांबू."

बसमधल्या एका बाईंनी वाकून फळा बघितला. "कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. "खाली काहीच लिहिलं नाहीये."

"ते लिहायचंय अजून," बाप म्हणाला, आणि त्याने गिअर टाकला.