पाणी मारलेले वळण

अंगणात पाणी शिंपडताना काळ्या मातीचा वास आला आणि भोकरजवळची ती मोटारसायकल शर्यत आठवली. धूळ बसावी म्हणून टँकरने साऱ्या मैदानावर पाणी मारले होते. मुरमावर ते जिरले; वळणावरची काळी माती मात्र निसरडी झाली.

“दत्ता, नको रे जाऊस,” मी धाकट्या भावाला विनवले.

“अक्का, लई भितेस तू! चाकाखाली लिंबू फोडलंय की.”

गाड्या वळणाकडे येताच मी डोळे मिटले आणि त्याच्या इंजिनाचा आवाज तेवढा ऐकत राहिले. तो एकाएकी थांबला. डोळे उघडण्याचे धैर्य मला झाले नाही. शेवटी चिखलाने माखलेला हात खांद्यावर पडला. “अक्का, लिंबू कमी पडलं बघ.”

सगळे हसले. आता दत्ताचे केस पिकले आहेत. तरीही त्याची गाडी दारात येऊन बंद झाली, की त्याची हाक येईपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.