टरबुजातले निंदण

तण काढण्याच्या कामाला आमच्याकडे निंदण म्हणतात. ते बाया करतात. पुरुष बैलांमागे वखर हाकतो, डवरा हाकतो, पाठीवर पंप घेऊन फवारतो. विळा घेऊन तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, उकिडवा बसत नाही. असा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. तरी अल्लीपूरकडच्या आमच्या गावात मी आयुष्यभरात एकही पुरुष निंदायला बसलेला पाहिला नव्हता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नाल्याकाठच्या दीड एकरात उन्हाळी टरबूज लावू लागलो. पाणी होते, माती चांगली होती. दोष एकच होता, लव्हाळा. हे गवत वरून बारीक दिसते, पण त्याच्या गाठी वीतभर खोल असतात. पात तोडली की आठवड्यात ती पुन्हा उभी राहते. टरबुजाचा वेल पसरल्यावर मधून डवरा नेता येत नाही, आणि वेलाला धक्का न लावता लव्हाळा मारील असे औषध मला कोणी खात्रीने सांगितले नाही. राहिले हाताने काढणे. ते माझी पत्नी करीत असे. मजूर बाया सोबतीला येत, पण त्या घाई करतात असे तिचे मत होते. त्यांनी निंदलेल्या तासातून ती पुन्हा एकदा जाई.

तीन वर्षांपूर्वी तिच्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून मला दाखवला. वाकायचे नाही, उकिडवे बसायचे नाही, ओझे उचलायचे नाही. नस आणखी दबली तर पाय जातील.

“जातील म्हणजे?” मी विचारले.

“चालता येणार नाही,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्यापुढे काम एकच होते. तिचा हात न लागता लव्हाळा थांबला पाहिजे.

पहिल्या वर्षी मी मल्चिंग पेपर आणला. प्लास्टिकचा, वरून चंदेरी, खालून काळा. वाफ्यांवर तो ताणून बसवला, कडा मातीने दाबल्या, भोके पाडून रोपे लावली. शेजारचा शेतकरी शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, “गुरुजी, वावराले रेनकोट घालून राह्यले का?” इतर तण त्याखाली मेले. लव्हाळ्याने मात्र सुईसारख्या टोकाने पेपर भोसकला. मे महिन्यात पेपर काढताना त्याच्या चिंध्या झाल्या. नांगरताना त्या अजूनही वर येतात.

दुसऱ्या वर्षी दोन तासांमधल्या पट्ट्यात चवळी पेरली. जमीन सावलीत राहिली की लव्हाळा दबतो, हे खरे आहे. त्या वर्षी तो पुष्कळ दबला. पण चवळीवर मावा आला, तिच्यावरून टरबुजावर उतरला आणि वेलांची पाने आकसून पिवळी पडली. फळ हाती आले ते मुठीएवढे.

तिसऱ्या वर्षी मी कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, टाकायचे ठरवले. बैल विकले होते, गाय एकच राहिली होती, म्हणून सोयाबीनचे कुटार गोठ्यात पडून होते. शेजाऱ्याच्या बैलबंडीतून ते वावरात नेले. तोवर लव्हाळा बोटभर वर आला होता. पत्नी काठी टेकत धुऱ्यावर आली आणि उभ्यानेच पाहू लागली.

“आधी निंदून घ्या जी, मंग टाका,” ती म्हणाली. “जित्या गवतावर पांघरूण घातलं तं थे मरते का? मस्त झोप काढते अन् उठते.”

“बाया भेटत नाईत. साऱ्या हरभऱ्याच्या सोंगणीत हायत.”

“मंग तुम्ही बसा.”

“मी?”

“हो, तुम्ही. मी अथीच उभी राहून सांगीन कसं उपटाचं थे.”

“माणसं निंदाले बसतात का?”

“गवताले का समजते जी, उपटणारा बुढा हाय का बुढी?”

ती हसली. मी हसलो नाही. टोपले उचलले आणि उभ्या लव्हाळ्यावर चार बोटे जाड कुटार पसरत गेलो. संध्याकाळपर्यंत सारे वावर एकसारखे पिवळे झाले. दिसायला ते नीटनेटके होते.

पंधरा दिवसांत लव्हाळा कुटारातून वर आला. खाली ओल टिकली होती. ती टरबुजाला मिळाली, तशी त्यालाही मिळाली. आता कुटार बाजूला सारल्याशिवाय तो काढता येत नव्हता, आणि वेलांना फुले लागली होती. मी पत्नीला सांगितले, सोंगणी संपली की बाया येतील. ती म्हणाली, तोवर वेलाचे खाणे गवत खाईल. मी म्हणालो, खाऊ दे. मी तो विषय संपला असे समजलो.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी मला वर्ध्याला जायचे होते. वर्ध्यालगत बोरगाव मेघेला आमची मुलगी राहते. तिच्याकडे मी दोन रात्री राहिलो. पत्नीजवळ शेजारीण होती. फोनवर पत्नी म्हणाली, सर्व ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी परतलो. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, “काकू वावरात गेल्या. मी नाई म्हणत होतो, पण त्या आयकतात का कोणाचं?”

ती तासात एका कुशीवर पडलेली होती. डोक्यावर पदर नीट घेतलेला होता. तिच्या मागे चार तास स्वच्छ झालेले होते. काढलेला लव्हाळा धुऱ्यावर रचलेला होता आणि बाजूला सारलेले कुटार पुन्हा वेलाच्या बुडाशी पसरलेले होते. पाचव्या तासाच्या मध्यावर ती पडली होती. शुद्धीवर होती.

“आले का?” ती म्हणाली. “पाह्यजा जरा, माह्ये पाय सरळ हायत का वाकडे? मले समजून नाई राह्यलं.”

पाय वाकडे होते. मी ते सरळ केले. मी हात लावला आहे हेही तिला कळले नाही.

वर्ध्याला नेले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जमले तेवढे केले. नस फार वेळ दबून राहिली होती. महिन्याभराने तिला घरी आणले ते उचलून.

दवाखान्यातून मध्ये एकदा मी गावी आलो होतो. गाईची व्यवस्था पाहिली आणि वावरात गेलो. विळा पाचव्या तासात तसाच पडलेला होता. तिने निंदलेल्या चार तासांत कुटाराखाली जमीन ओली आणि मोकळी होती, वेल काळसर हिरवे होते. उरलेल्या वावरात गवत वेलांच्या वर गेले होते. पेपर, चवळी, कुटार, या उपायांत खोट नाही. निंदलेल्या जमिनीवर पांघरलेले कुटार काय करते ते माझ्यासमोर होते. निंदण मात्र आधी कोणीतरी करावे लागते. तीन वर्षे मी त्या कोणीतरीच्या जागी काहीतरी टाकत होतो.

मी बसलो. गुडघे दुखले. लव्हाळा कसा धरायचा ते मला येत नव्हते. पात हातात यायची आणि गाठ खाली राहायची.

रस्त्याने सोंगणीच्या बाया चालल्या होत्या. एक थांबली.

“अवो पाहा वं! गुरुजी निंदाले बसले!”

“चूप बस वं,” दुसरी हळूच म्हणाली. “बाई दवाखान्यात हाय त्यायची.”

त्या पुढे गेल्या. मी मान वर केली नाही.

यंदाही टरबूज लावले आहे, पण सहाच तास. माझ्याने तेवढेच निंदणे होते. सकाळी पत्नीला कूस बदलून देतो, अंग पुसतो, चहा पाजतो आणि वावरात जातो. आधी निंदतो, मग त्याच दिवशी त्या जागेवर कुटार टाकतो. दुपारी पुन्हा कूस बदलायची असते, म्हणून लवकर परततो.

मागच्या रविवारी मुलगी आली होती. माझे हात पाहून म्हणाली, “बाबा, पुरे झालं आता. वावर मक्त्यानं देऊन टाका कोणाले तरी.”

मी काही बोलण्याआधी बाजेवरून पत्नी म्हणाली, “काऊन वं? आता कुठी तं शिकले थे.”

पत्नी एकटीच हसली, आणि हसून झाल्यावर तिने तोंड भिंतीकडे वळवले. वावर मी मक्त्याने दिलेले नाही.