मुराळी

लग्न होऊन चंदीगडला निघाले तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं, माहेरी जायचं तर माहेरचा मुराळी न्यायला आला पाहिजे. एकटीने गाडीत बसायचं नाही. ह्यांना केंद्र सरकारच्या नोकरीत रजा मिळता मिळत नसे. आणि माझा एकुलता एक मुराळी, म्हणजे दादा, नगरहून हलत नसे. मुलगी दोन वर्षांची असताना एकदा ह्यांच्याबरोबर जाऊन आले, त्यालाही तीन वर्षं होऊन गेली. मधे आईला अर्धांगाचा झटका आला, तेही मला पोस्टकार्डावर कळलं.

आईची करमणूक व्हावी म्हणून मी पत्रात काहीबाही लिही. एकदा लिहिलं, इथला बसचा कंडक्टर आमच्या स्टॉपला 'ठेका, ठेका' म्हणून ओरडतो. मला वाटलं, जवळपास तबल्याचा क्लास असेल. मुलीला घालावं म्हणून चौकशीला गेले, तर दारूचं दुकान! इकडे त्यालाच ठेका म्हणतात आणि तो किराण्याच्या दुकानासारखा राजरोस चालतो, आपल्याकडच्यासारखं परमिट वगैरे काही नाही. आईला आता वाचता येत नव्हतं, पत्रं दादाच वाचून दाखवी. पंधरा दिवसांत त्याचं उत्तर आलं, 'चंदीगड बघायला येतो आहे.' मी वेडी, आनंदाने रडले. त्याच दिवशी ट्रंक काढून पुसून ठेवली.

दादा आला आणि मी हौसेने शहर दाखवायला निघाले. हायकोर्टाची इमारत बघून तो म्हणाला, "हे सिमेंट बघायला लोक विलायतेहून येतात?" बावीस सेक्टरच्या बाजारात मी आईसाठी लोकरीची शाल निवडत होते, तोवर हा समोरच्या ठेक्यावर बाटल्यांवरची एकेक चिठ्ठी वाचत उभा. पिंजोरची मोगलांच्या वेळची बाग दाखवली, कारंजी दाखवली. त्याने तिथल्या माळ्याला विचारलं, "वो अंग्रेजोंवाला कारखाना यहाँ से कितना दूर है जी?"

तो कारखाना वर डोंगरात, सोलनच्या वाटेवर होता. इंग्रजांच्या काळापासून तिथे दारू गाळत. दुसऱ्या दिवशी बसने तिथे गेलो. वळणावळणांनी मुलीला उलट्या झाल्या, माझी साडी खराब झाली. दादा मात्र फाटकासमोर चपला काढायच्या बेतात उभा राहिला आणि म्हणाला, "ह्याला म्हणतात ऐतिहासिक वास्तू." मी हसले. तोवर मला हसू येत होतं.

चौथ्या दिवशी जेवताना तो अगदी सहज म्हणाला, "तूही चल."

तीन वर्षं मी त्या एका शब्दाची वाट पाहत होते. माझा घास हातातच राहिला. मग त्याने पुढचं सांगितलं. "मनमाडला गाडी बदलताना पोलीस दारूसाठी पेट्या उघडतात. बाईमाणूस नि पोर बरोबर असलं की फारसं बघत नाहीत." ह्यांनी मान खाली घालून भात कालवला.

समोरचं ताट त्याच्या अंगावर भिरकावायला हवं होतं. मी विचारलं, "गाडी किती वाजता आहे?"

त्याने ठेक्यावरून आणलेल्या सगळ्या बाटल्या माझ्या ट्रंकेत गेल्या. काही साड्यांच्या घड्यांत, काही मुलीच्या फ्रॉकांत. आईची शालसुद्धा एका बाटलीभोवती गुंडाळली गेली. ती मीच गुंडाळली.

मनमाडला पोलिसाने ट्रंकेवर काठी टेकवून विचारलं, "ह्यात काय आहे, बाई?" माझं तोंड उघडण्याआधी मुलगी म्हणाली, "मम्मी के कपड़े हैं." दिल्लीपासून गोळ्या देऊन देऊन मामाने तिला तेवढंच पढवलं होतं. पोलिसाला तिच्या हिंदीचं कौतुक वाटलं, तो पुढच्या पेटीकडे गेला. दादाने तिची पाठ थोपटली. मला तिच्याकडे बघवेना.

घरी पोचलो तर आईच्या खाटेभोवती शेजारच्या बायका जमलेल्या. आईचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द घरंगळत होते. चांगल्या हाताने माझं मनगट धरून ती सगळ्यांना सांगत होती, "माझा मुलगा गेला... मुराळी... एवढ्या लांब." दादा दारात उभा होता आणि त्याने नजरही खाली घातली नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो गं, दादा न्यायला आला होता."

मला अकरा दिवस मिळाले. तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, पेज भरवली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला ती तेच सांगायची आणि मी हो म्हणायचे. त्या अकरा दिवसांत मी दादाशी धड चार शब्द बोलले नाही. ते तिला कळू नये म्हणून तिच्यासमोर त्याला चहा मात्र मीच देई.

वर्षाच्या आत आई गेली. तार आल्यावर मी कोणाला विचारलं नाही, मुलीला घेऊन एकटीच गाडीत बसले. तेराव्याला पंगत उठल्यावर दादा पाहुण्यांना सांगत होता, "शेवटी तिला लेक भेटली, मी स्वतः जाऊन घेऊन आलो." लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. त्याच्या त्या बाटल्या नसत्या तर आई मला जिवंतपणी दिसली नसती, हे मला त्याच्याइतकंच पक्कं माहीत होतं. मी मान डोलावली.