खर्ड्याच्या गोठ्यातली गंगी

लहानपणी आई माझी दृष्ट काढायची आणि मिरच्यांचा ठसका आला नाही की म्हणायची, "बघ, केवढी लागली होती!" मी म्हणायचे, मिरच्या जुन्या आहेत, दुकान बदल. तर मी ही अशी. भुताखेतांच्या गप्पांत सगळ्यात आधी जांभई देणारी. जे घडलं ते तसंच्या तसं सांगते, कारण सांगण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलेलं नाही.

आमचं घर राहुरीला. बी.ई. कॉम्प्युटर नगरहून केलं — आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला अजून सवय नाही — आणि तिथेच एम.टेक. प्रबंधाचा विषय ऐकून वर्गातली पोरं दोन महिने मला बघून हंबरत होती. नाकावरून गाय ओळखणं! हसू नका. गायीच्या नाकाच्या ओल्या कातडीवर रेघा आणि उंचवटे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. एकीचे दुसरीला नसतात. कानातला बिल्ला तुटतो, बदलता येतो... नाक बदलता येत नाही. मोबाईलवर नाकाचा फोटो काढायचा आणि माझ्या मॉडेलने सांगायचं, ही अमुक गाय.

पहिले फोटो काढले सोनईला, मावशीच्या गोठ्यात. तिची गंगी, तांबूस रंगाची जर्सी क्रॉस. आई मेलेलं वासरू मावशीने बाटलीने दूध पाजून जगवलेलं. प्रत्येक गायीच्या फोल्डरला मी बिल्ल्याचा नंबर देत होते. मावशीने नंबर सांगायलाच नकार दिला.

"नंबर कशापायी? तिला नाव हाय. गंगी लिव."

लिहिलं. सगळ्या डेटासेटमध्ये नाव असलेली तेवढी एकच गाय.

गंगी मावशीशिवाय कोणाला पान्हवायची नाही. काका धारेला बसले तर थेंब सोडायची नाही. म्हणून मावशी कुठे मुक्कामाला जात नसे. माझ्या साखरपुड्याला मात्र मी हट्टच धरला. "दोन दिवस ये, गाय काय पळून जाते का?" हे माझेच शब्द. गंगी गाभण होती, पण व्यायला अजून आठ-दहा दिवस अवकाश होता, म्हणून मावशी आली. आणि त्याच रात्री गंगी अडली. वासरू आडवं आलं होतं. डॉक्टर आले, पण ती कोणाला जवळ येऊ देईना. सकाळी काकांचा फोन आला तेव्हा दोघंही गेली होती. मावशीला गाडीतून मीच सोनईला नेलं. जेसीबीने खड्डा घेतला, मीठ टाकलं, गंगीला पुरलं. मी तिथे उभी होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला सगळ्यांनी हेच विचारलं — नक्की तीच मेली होती ना?

मावशी मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आठ-नऊ महिन्यांनी मी चाचणीचे फोटो घ्यायला खर्ड्याकडे गेले. सोनईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, कुठे ते आणि कुठे हे. तिथल्या एका गोठ्यात तात्या नावाचे म्हातारे शेतकरी होते, त्यांची एचएफ गाय काळीपांढरी. मी तिच्या नाकासमोर मोबाईल धरला आणि स्क्रीनवर उमटलं, गंगी.

मी आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. फोल्डर मिसळले असणार. नाक पुसून पुन्हा फोटो काढला, उन्हात काढला, सावलीत काढला. गंगी. शेवटी शाईने कागदावर ठसा घेतला.

"काय करायलात ताई?" तात्या हसत म्हणाले. "आधार कार्ड काढायलात का तिचं?"

"गाय कधी घेतलीत तात्या?"

"घ्यायची कशाला? घरचीच हाय. चार वर्साची झाली."

म्हणजे गंगी मेली तेव्हा ही इथे जिवंत होती, चारा खात होती. पुनर्जन्म म्हणावं, तर तोही बसत नाही!

नगरला आल्यावर माझ्या मार्गदर्शक सरांनी स्वतः तो ठसा आणि गंगीचा जुना फोटो शेजारी ठेवून रेघ न् रेघ पाहिली. मग म्हणाले, "हा नमुना काढून टाक. व्हायव्हाला कोणी विचारलं तर काय सांगणार आहेस?"

तिथेच गप्प बसले असते तर... पण मी मावशीला फोनवर सांगितलं. गंमत म्हणून. मॉडेल कसं फसतं बघ, असं. मग ती म्हणाली, "कधी न्यायलीस मला?"

नेलं. नाही म्हणायचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

तात्यांनी चहा केला, बसायला घोंगडी टाकली. ती गाय त्या वेताला वासरू गेल्यापासून आटल्यासारखीच होती. "इंजेक्शनबिगर थेंब देईनाय," तात्या म्हणाले. मावशी उठली, गायीच्या पाठीवरून हात फिरवला आणि कासेपाशी बसली. कासेला हात लावायच्या आधीच सडांतून दूध गळायला लागलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मावशी रडत होती आणि म्हणत होती, "मी न्हवते गं बाई... मी घरी न्हवते."

तात्यांच्या हातातला कप तसाच राहिला. हसरा माणूस, पण चेहरा पार उतरला. मावशी म्हणाली, "इकत द्या मला. मागाल ते देते." तात्यांनी नुसती मान हलवली. "मावशी, तुमी जावा आता."

चार दिवसांनी मीच फोन केला. तात्यांनी गाय बाजारात विकली होती. कोणाला, ते सांगायला तयार नाहीत. "दुसऱ्याचा जीव आमच्या दावणीला नको ताई. आमी लेकराबाळाची माणसं." त्यांचं तरी काय चुकलं? मी पुन्हा खर्ड्याला जाऊन आले, हातापाया पडले. पण त्यांना तरी कुठे माहीत होतं! व्यापाऱ्याने घेतली आणि टेम्पोत घालून नेली, एवढंच.

आता मावशी बाजार फिरते. आज घोडेगाव, उद्या आणखी कुठे. आणि मला फोटो पाठवते, गायींच्या नाकांचे. हललेले, अंधुक, कधी नुसतीच शिंगं. "मशिनीत घालून बघ ना." मी प्रत्येक फोटो घालते. सरांना हे माहीत नाही. प्रत्येक वेळी उत्तर नाही असं येतं आणि ते तिला मी सांगायचं असतं. कोणतीही गाय ओळखणारं यंत्र मी बनवलं, पण ती कुठे आहे हे त्याला कुठे कळतं?

योगायोग म्हणा. दोन नाकांच्या रेघा जुळल्या असतील, जगात गायी काय कमी आहेत? मायेने हात फिरवला की अनोळखी गायही पान्हवत असेल. दोन्ही एकाच गायीच्या बाबतीत का, हे मला कळलेलं नाही. आणि आता कळेल असंही वाटत नाही.

प्रबंधातून तो नमुना मी काढला. तो काढल्यावर आकडे छान आले, व्हायव्हा छान झाली. बांधून आलेली प्रत घेऊन सोनईला गेले. मावशीने हात पदराला पुसून ती मांडीवर घेतली. सगळं इंग्रजी. तिने दोन-चार पानं उलटली.

"ह्यात लिवलंस ना गं, गंगी सापडली हुती म्हनून?"

"हो," मी म्हणाले.

"कोन्त्या पानावर?"

मी मधलंच एक पान उघडून दाखवलं. नुसता आलेख होता, तीन रंगांच्या रेघा. मावशी कितीतरी वेळ त्यावर बोट फिरवत बसली. मग त्या पानाचा कोपरा दुमडून तिने पुस्तक देवघरात ठेवलं.