आमच्या पाण्यातले मासे

फिल्टर लावला की पाणी शुद्ध होतं असं मानणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली, आणि त्यांच्यातल्या एकाबद्दलही मला कधी आदर वाटला नाही. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी सांडपाणी शुद्ध करायच्या विभागात काढली. आम्ही त्याला ईटीपी म्हणतो. माल बनवणारे हुशार, माल विकणारे त्याहून हुशार, आणि दोघांनी केलेली घाण निस्तरणारा तो ईटीपीवाला. लग्नघरात भांडी घासणाऱ्याला निदान जेवायला तरी बोलावतात.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. शुद्ध झालेलं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथे काचेची एक लहानशी टाकी ठेवायची आणि त्यात चार मासे सोडायचे. कुणी बघायला आलं की दाखवायचं, बघा, आमच्या पाण्यात जीव जगतो. रीत चांगलीच आहे. फक्त कुणी येणार असलं की आदल्या दिवशी पालघर स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात वेगवेगळ्या कारखान्यांतले आम्ही दोन-तीन ईटीपीवाले हमखास भेटायचो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, हातातली माशांची पिशवी किंचित वर करायची आणि आपापल्या वाटेला लागायचं. मीही तीन वर्षं हे केलं. मग एक दिवस स्वतःचीच किळस आली आणि टाकी उचलून भंगारात दिली. तेव्हापासून मी बाकीच्या पिशवीवाल्यांकडे तुच्छतेनं बघायला मोकळा झालो, आणि ते काम मी मन लावून केलं.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना आमचे शेठ कुठल्याशा हॉटेलात जाऊन आले. तिथे त्यांनी भिंतभर लांबीची माशांची टाकी पाहिली होती. दिवाळीनंतर परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. रिसेप्शनमध्ये आठ फुटी टाकी, आत रंगीत मासे आणि बाजूला बोर्ड: या टाकीतलं पाणी आमच्याच कारखान्यात शुद्ध केलेलं आहे. "फिल्टर कोणता लावायचा ते तुम्ही ठरवा," म्हणाले, "तुम्हाला पाण्यातलं समजतं." पंचवीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हणालो, "ठरवतो. पण पाणी खरोखर आमचंच असणार. टँकरचं भरून वर तो बोर्ड लावायचा असेल तर मला सांगू नका."

"तुमचंच टाका ना, माझं काय जातं? फिश जिवंत पाहिजे, बस."

म्हणजे अट मी घातली, कुणी माझ्यावर लादली नाही. माझं पाणी त्या टाकीत गेलं आणि त्यात मासा जगला, तर पंचवीस वर्षं मी नुसता गाळ उपसत नव्हतो हे सगळ्यांना दिसणार होतं. खरं सांगायचं तर मलाही ते बघायचं होतं.

मग सुरू झाली फिल्टरची निवड आणि अकलेचं प्रदर्शन. पालघरच्या दुकानदारानं काचेच्या कडेला टांगायचा, तळहाताएवढा फिल्टर पुढे केला. "सर, ये लगा दो, छह महीना देखना नहीं पड़ेगा." नऊशे लिटर पाणी आणि हे खेळणं! मी विचारलं, तासाला किती पाणी फिरवतं? त्यानं खोका उलटा करून वाचायला सुरुवात केली. तासाला निदान चार-पाच वेळा टाकीभर पाणी फिल्टरमधून जायला हवं, हे ज्याला सांगावं लागतं त्यानं मासे विकू नयेत, भजी तळावीत. त्यातही भजी त्याला जमली असती असं नाही.

मुंबईहून शेठच्या ओळखीचा एक सजावटवाला आला. त्याला टाकीच्या खाली, कपाटात लपणारा, डब्यासारखा बंद फिल्टर हवा होता, कारण त्याचा आवाज येत नाही आणि पाइप दिसत नाहीत. मी म्हटलं, धुवायचा कसा? तो म्हणाला, "क्लिनर असतो ना एखादा." असा डबा उघडायला माणसाला अर्धा दिवस लागतो, झाकणाचं रबर हललं की रिसेप्शनमध्ये पूर. पण त्याची काळजी त्या डब्याच्या रंगाची होती. माशांच्या रंगाला शोभणारा डबा आणीन म्हणाला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला.

आमचा इलेक्ट्रिशियन किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा. घरची बोट, सात पिढ्या समुद्रावर. तो हे सगळं बघून हसायचा. "सायब, मासा काचेत बघायची वस्तू नाय. आमी बघतो तो तव्यावर." मग गंभीर चेहरा करून विचारायचा, "फिल्टरमंदी शेन टाकायचं काय?" कारण नवीन ईटीपी चालू करताना आम्ही हवा सोडायच्या टाकीत शेण टाकतो. त्यात जिवाणू असतात, घाण खातात. त्याला ते माहीत होतं आणि मला चिडवायला पुरत होतं. तरी या सगळ्या गोतावळ्यात निदान एकाला तरी कळलं होतं की फिल्टरमध्ये खरं काम जिवाणू करतात, कापूस नाही.

शेवटी मी माझंच केलं. टाकीखाली दुसरी लांबट काचेची टाकी, तिचे चार कप्पे. वरचं पाणी आधी कापसातून, मग स्पंजातून, मग मातीच्या भाजलेल्या पोकळ कड्यांच्या थरातून, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर फेकणार. याला संप म्हणतात. दिसायला गबाळा, पण उघडा. कुठे काय बिघडलं ते डोळ्याला दिसतं आणि हात घालता येतो. जे फिल्टर माणसाला आत हात घालू देत नाहीत त्यांच्यावर माझा विश्वास नाही. शेठनी संप पाहून नाक मुरडलं आणि त्यापुढे फळी ठोकायला सांगितली.

शेठना दोन दिवसांत मासे हवे होते. पी हळद आणि हो गोरी. मी सहा आठवडे मागून घेतले. आधी टँकरचं गोडं पाणी भरलं, थोडेच मासे सोडले आणि त्या कड्यांवर जिवाणूंचा थर धरायची वाट बघितली. रोज सकाळी परीक्षानळीत पाणी घेऊन माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया बघायचो. या कामाला मला एक जोडीदारीण मिळाली. रिसेप्शनची फरशी पुसणारी बाई. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण कारखान्यात हातात झाडू आला की बाई सगळ्यांची मावशी होते, तशी माझीही. ती पूर्वेच्या डोंगरातल्या पाड्यावरची. पावसावरचं भात आणि नाचणी निघाली की तिच्या घरची माणसं वीटभट्टीवर जायची. ही एकटी या नोकरीमुळे गावात टिकलेली. टँकरचा पाइप तीच धरायची, खाणं तीच घालायची. मासे तिला बघून काचेशी यायचे. मला बघून येत नसत. याचाही मला थोडा राग होता.

सहाव्या आठवड्यात अमोनिया शून्य आला. बारा गोल्डफिश ठणठणीत. मी शेजारच्या कारखान्यातल्या एका पिशवीवाल्याला मुद्दाम बोलावून संप दाखवला आणि तासभर ज्ञान दिलं. बिचारा मान डोलावत होता.

मग मी आमचं पाणी आणलं. दिसायला काचेसारखं. टाकीतलं एक चतुर्थांश काढलं आणि तेवढं आमचं भरलं. मावशीनं पाइप धरला होता. दुपारपर्यंत मासे वर आले, पंख अंगाला चिकटवून तोंडं उघडी टाकून तरंगत राहिले. "सायब, यांना दम लागलाय," मावशी म्हणाली. मी अमोनिया बघितला, शून्य. फिल्टर आपलं काम चोख करत होता. दुसऱ्या दिवशी दोन मासे मेले. मावशीनं ते चहाच्या गाळणीनं काढले आणि बाहेर कुंडीत पुरले.

कारण मला ठाऊक होतं. शिकवायला दुसरा कुणी लागत नव्हता. फिल्टर माशाची घाण खातो. कारखान्यानं पाण्यात विरघळवलेला क्षार तो खात नाही, खाऊ शकत नाही. कापूस, स्पंज, कडी यातल्या कशालाही क्षार दिसतसुद्धा नाही. आमच्या ईटीपीतही त्याच्यासाठी काही नव्हतं. आमचं पाणी पुढे सगळ्या कारखान्यांच्या मोठ्या सामायिक प्लँटकडे जायचं आणि कागदावर सगळं नियमात बसायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे मी दुसऱ्यांना आयुष्यभर ऐकवलं होतं. पण मनात कुठेतरी आशा धरली होती की एवढा चांगला फिल्टर लावला तर बहुतेक चालून जाईल. म्हणजे पालघरचा तो दुकानदार आणि मी यांच्यात फरक एवढाच, की त्याला आपण अडाणी आहोत हे माहीत नव्हतं.

तेव्हाच शेठकडे जाऊन सांगायला हवं होतं की आमच्या पाण्यात मासा जगत नाही, बोर्ड लावू नका. मी गेलो नाही. अट माझी होती, तोंडही माझंच पडलं असतं. मी काय केलं, तर धंद्यातलं सगळ्यात जुनं काम. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा आकडा नियमात येत नसेल तर त्यात चांगलं पाणी मिसळायचं. असं करणाऱ्यांना मी नावं ठेवत आलो होतो. आता मीच आमचं पाणी उपसून टँकरचं भरलं. मग एक दशांश आमचं घालून बघितलं. मासे पुन्हा वर. पुन्हा टँकर. मग दोन बादल्या. मग एक. नऊशे लिटरमध्ये एक बादली, आणि मासे जगले. दर वेळी पाइप मावशीच्या हातात होता. ती काही विचारायची नाही आणि मी काही सांगायचो नाही. बोर्ड इंग्रजीत छापून आला आणि भिंतीवर लागला. अक्षरं निळी, कोपऱ्यात एक मासा काढलेला.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. "यात आमच्या प्लँटचं पाणी आहे." शब्दाशब्दाला खरं. बादलीभर होतंच ना. असली वाक्यं जुळवणाऱ्यांना मी कारकून म्हणायचो.

पाहुण्यांत एक वयस्क बाई होती. ती टाकीसमोर थांबली. शेठनी बोर्ड दाखवला. तिनं बोर्ड वाचला, माझ्याकडे बघितलं, मी तोंड उघडणार एवढ्यात ती वळली आणि कोपऱ्यात फडकं घेऊन उभ्या असलेल्या मावशीकडे गेली. बरोबरच्या दुभाष्याला म्हणाली, यांना विचारा, हे पाणी खरंच कारखान्याचं आहे का. बाई हुशार होती. खरं कुणाला माहीत असतं ते तिला कळत होतं.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिला फक्त माझी मान हलायला हवी होती, होकाराला किंवा नकाराला. माझं तयार केलेलं वाक्य तिच्या काही कामाचं नव्हतं. मी जागचा हललो नाही.

"हो, समदं सायबांचंच पानी हाय," ती म्हणाली. "मीच भरलंय, माज्या हातानं."

दुभाष्यानं सांगितलं. पाहुणी हसली, तिनं मावशीचा हात हातात घेतला, शेठनी फोटो काढायला लावला. सगळे पुढे गेले. मी आणि मावशी टाकीपाशी राहिलो.

"खोटं कशाला बोललीस?" मी विचारलं. माझ्या आवाजात रागच होता, दुसरं काही मला येतच नव्हतं.

"तुमी काय बोललं नाय, म्हून मी बोलली," ती म्हणाली. "नाय म्हनली असती तर तुमची निवृत्ती ऱ्हायली असती काय धड? आन माजी नोकरी?"

मी म्हणालो, "माझं पाणी म्हणालीस. माझं एक बादली होतं."

"म्हायती हाय की. ती बादली बी मीच वतली." मग फडकं पिळता पिळता, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "सायब, दोन मासं मेलं ते तरी खरं तुमच्याच पान्यानं ना?"

मी हो म्हणालो. त्या टाकीबद्दल मी दिलेलं तेवढंच एक खरं उत्तर, आणि तेही तिनं विचारलं म्हणून.