उतार न पाहता केलेली यादी

मुलांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारलंत, लिहिणं नद्यांच्या काठीच का सुरू झालं? मी पाठ म्हणावा तसं उत्तर दिलं: नदी, गाळाची माती, धान्याचे साठे, मग नोंदी, मग राजा. आयुष्यभर इंग्रजी शाळेत फळ्यावर बाण काढून मी हेच शिकवलं. उत्तर चूक नव्हतं. पण मागच्या वर्षी मी स्वतः काय लिहून बसले, ते तुम्हाला सांगितलं नाही. त्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेले नाही.

रामटेकजवळचं आपलं धानाचं शेत तुम्ही पाहिलंय. गावच्या तलावातून एक नाली निघते आणि उतरत उतरत सगळ्यांच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पाणी देते. आपल्या बांध्या अगदी नालीच्या तोंडाशी. शेपटाला, म्हणजे नालीच्या शेवटच्या टोकाला, एका एकट्या बाईंचं शेत. वर्षाचं खाणं त्यावरच. मागच्या वर्षी पाऊस लवकर गेला. धान निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, पाणी मिळालं नाही, तर लोंबी येते पण दाणा भरत नाही. नेमके तेव्हाच पाण्याच्या पाळ्या लावणारे म्हातारबा आजारी पडले. त्यांच्याकडे कागद असा नव्हताच, सगळं डोक्यात. गावकरी मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. यादी करून द्या, म्हणजे झगडे नाही होणार."

शहरातल्या मनीषनगरच्या घरी टेबलाशी बसून मी यादी केली. आडनावांच्या अकारविल्हे. ना वशिला, ना लहानमोठेपणा. याहून न्याय्य काय असणार? छापून, लॅमिनेट करून पाठवली. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

कापणीच्या आधी गेले, तेव्हा आपलं धान लोंब्यांच्या भारानं वाकलं होतं. खुशीत मी खालपर्यंत चालत गेले. शेपटाच्या बाई बांधावर उभ्या होत्या. त्यांनी एक लोंबी तोडून माझ्या तळहातावर ठेवली. तिला वजनच नव्हतं. चिमटीत दाणा दाबला, तो चपटा झाला. आत काहीच नव्हतं.

"हे असं कसं झालं?" मी विचारलं.

"तुमच्या कागदानं, बाई. आधी पाणी शेपटाले यायचं, मग एकेक बांधी वर चढत जायचं. सुरुवातीले तलावात पाण्याचा जोर असते, तेव्हाच ते इथपर्यंत पोहोचते. तुम्ही एक दिवस वर देलं, एक दिवस खाली. मधातली कोरडी नालीच पाणी पिऊन राहिली होती. अन् मले ठेवलं सगळ्यात शेवटी. माही पाळी आली तं नालीत कुत्रं झोपलं होतं!"

"मग कोणी बोललं का नाही?"

शेजारच्या बांधीतले शेतकरी हसले. "म्हातारबाशी रोज भांडत होतो, बाई. छापलेल्या कागदाशी कोण भांडन?"

मी तिथेच बांधावर बसले. नकाशातल्या समोच्च रेषा कशा वाचायच्या ते मी मुलींना शिकवलं होतं, आणि स्वतःच्या शेताचा उतार मला दिसला नव्हता. त्या यादीत आपलं आडनाव दुसरं होतं. तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. भिंतीवर लागताच माझा कागद सरकार झाला, आणि मला कळलंसुद्धा नाही.

आपल्या कोठीतलं धान मी त्यांना देऊ केलं. त्यांनी खाण्यापुरतं आणि बियाण्यापुरतं घेतलं, वर एक मूठ नाही.

या वर्षी पाऊस पुन्हा रुसलाय. परवा मी वही घेऊन शेपटापासून वर चालत आले. बाई पुढे, मी मागे. त्या सांगत होत्या, मी पेन्सिलनं लिहीत होते. त्यांचं शेत पहिलं, आपलं शेवटचं. तोंडाशी आल्यावर मी पर्समधून पेन काढलं, म्हटलं, आता पक्कं करते.

"राहू द्या वं बाई," त्या म्हणाल्या, "पेन्सिलचंच राहू द्या. आम्हाले भांडता आलं पाहिजे."

पेन मी परत ठेवलं. तलाव अजून अर्धाही भरलेला नाही. आपल्या बांध्यांची पाळी येईपर्यंत पाणी उरेल की नाही, सांगता येत नाही.