रोज लिटरभर पाणी

वहिनींचा फोन आला तेव्हा कामोठ्यातल्या माझ्या दुकानाचं शटर मी नुकतंच वर केलं होतं, देवाला उदबत्तीही लावायची होती. "भाऊजी, ह्यांचं पोट दगडासारखं झालंय. पहाटेपासून तीनदा उलटी झाली," त्या म्हणाल्या आणि मग आवाज खाली आणून पुढचं सांगितलं, "कालपासून चार गोळ्या घेतल्यात त्यांनी, पोट साफ व्हायच्या. काहीच होईना म्हणून..." मी केमिस्ट आहे. पंचवीस वर्षं काउंटरवर उभा आहे. पोट दुखत असेल, उलट्या होत असतील तर जुलाबाची गोळी घ्यायची नाही, आधी डॉक्टर गाठायचा, हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगतो. त्या सकाळी मात्र माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आता काही देऊ नका. मी येतोच." कळंबोली स्कूटरवर दहा मिनिटं. दादा सोफ्यावर अंग मुडपून बसला होता. मला बघून म्हणाला, "दुकान सोडून कशाला आलास?" आमचं शेवटचं धड बोलणं ते एवढंच. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं, मग आम्ही आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर नुसते बसून राहिलो आणि पाचव्या दिवशी दादा गेला. त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो आधी कळंबोलीच्या लोखंड बाजारात आला, वजनकाट्यावर लागला, आणि मग मला गावाहून उचलून आणून त्यानेच फार्मसीला घातलं. काटा म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी पाट. त्यावर अख्खा ट्रेलर चढतो. मालासकट एकदा वजन, माल उतरला की रिकाम्या गाडीचं दुसरं वजन, आणि बाजूच्या केबिनमध्ये बसून पावती काढायची. दादाने तीस वर्षं हेच केलं. आवाज खणखणीत, हिशेबाला चोख. पंजाब-हरियाणाचे ड्रायव्हरही त्याला "दादा" म्हणायचे. केबिनमधून तो उठला की मागे गाड्यांची रांग लागायची आणि हॉर्नचा नुसता कल्ला. मुतारी म्हणाल तर यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे नाक धरूनही जाववत नसे. म्हणून तो जातच नसे. आणि जायला लागू नये म्हणून पाणीही पीत नसे. पण हे मला आता कळलंय, तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी "पोट साफ झालं का?" हा प्रश्न विचारायची रीत. वडील सगळ्यांना विचारायचे, त्यांच्यानंतर दादा विचारू लागला. पाहुण्यालाही सोडायचा नाही. त्यामुळे दीड वर्षापूर्वी तो स्वतः दुकानात येऊन, गिऱ्हाईक पांगायची वाट बघत, "तीन दिवस झाले रे, काही होत नाही," म्हणाला, तेव्हा मला हसूच आलं. मी इसबगोलाचा डबा काढून दिला. "पाण्यातून घे, चार-पाच दिवस. नाही जमलं तर डॉक्टरकडे जाऊ." बस, एवढंच. दुसऱ्या कुणाला मी काय काय सांगितलं असतं! ही भुशी पाणी पिऊन फुगते, मोठ्या पेलाभर पाण्यातून घ्यायची, वरून दिवसभर पाणी प्यायचं, नाहीतर ती आतच चिकट गोळा होऊन बसते आणि होतं ते उलटंच होतं. दुसरी कुठली औषधं चालू आहेत? आठवडाभरात फरक नाही पडला तर घेत राहायचं नाही, तपासून घ्यायचं. हे सगळं मला झोपेत पाठ आहे. पण समोर दादा होता. मोठ्या भावाला काय शिकवायचं, आणि तेही असल्या विषयावर... दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यानंतर महिनाभरात पुतणीचा साखरपुडा झाला. जेवणं उरकली होती, व्याही मंडळी पान खात बसली होती, आणि मला चेष्टेची हुक्की आली. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आमच्या दादाला रोज सकाळी काट्यावर चढवायला पाहिजे. आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. फरक निघाला तरच पावती फाडायची!" हॉल हसून हसून लोळला. व्याही तर डोळे पुसत होते. दादाही हसला. हसताना तो हातातल्या पानाची घडी घालत होता आणि उलगडत होता, हे मला आज दिसतं.

त्या दिवसानंतर त्याने पोटाचा विषय माझ्याकडे कधी काढला नाही. दर रविवारी मी जेवायला जायचो, विचारायचो, "दादा, पोट कसं?" तो म्हणायचा, "एक नंबर." मी समाधानाने दुसरी पोळी घ्यायचो. नंतर कळलं, इसबगोल तो किराण्याच्या दुकानातून आणायला लागला होता, आणि ते पुरेना तेव्हा यार्डाजवळच्या मेडिकलमधून गोळ्या. तिथे त्याला माझा भाऊ म्हणून कुणी ओळखत नव्हतं. कधीमधी घ्यायच्या त्या गोळ्या त्याने रोजच्या केल्या, एकाच्या दोन केल्या. मी कामोठ्यात लोकांना शहाणपण वाटत होतो आणि माझा भाऊ चार किलोमीटरवर अनोळखी काउंटरसमोर उभा होता.

हॉस्पिटलमध्ये सर्जनने आम्हाला समोर बसवून विचारलं होतं, "इसबगोल घ्यायचे ना? पाणी किती प्यायचे?" वहिनी लगेच म्हणाल्या, "पाण्याचं मी स्वतः बघायचे डॉक्टर. ह्या भाऊजींनीच सांगितलं होतं पाण्यातून घ्यायला. रोज सकाळी लिटरची बाटली भरून द्यायचे. संध्याकाळी बघायचे, रिकामी असायची." "आत सगळं कोरडं घट्ट बसलं होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले. वहिनींना ते एक वाक्य लागून राहिलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, पाण्यात मी कमी पडले नाही हो. सांगताना त्यांचा चेहरा घटकाभर सैल व्हायचा.

तेराव्यानंतर दादाचं सामान आणायला मी काट्यावर गेलो. चष्मा, डबा, जुनी छत्री. बाहेर पडताना केबिनच्या मागच्या भिंतीशी एक जास्वंद दिसली. चहूकडे गंज, धूळ, डिझेलचा चिकटा, आणि त्यात हे झाड खांद्याएवढं, हिरवंगार, फुलांनी भरलेलं. दादाच्या जोडीला काम करणारा नावडे गावचा माणूस म्हणाला, "त्यांचाच झार हाय. रोज जाताना अख्खी बाटली वतायचे. आमी बोलायचो, दादा, तुमी पन प्या की थोरं. तं बोलायचे, घरी भरलेली नेली का बायको बोलते."

मी तिथेच सिमेंटच्या कठड्यावर बसलो. मागे कोणीतरी हॉर्न मारत होतं.

हे वहिनींना सांगावं की नाही, यावर मी तीन आठवडे घालवले. सांगितलं तर त्यांच्याकडचा एकमेव आधार जाणार, आणि न सांगावं तर त्या "भाऊजींनी सांगितलं होतं" म्हणत मला श्रेय देत राहणार. ते मला सहन होईना. शेवटी गेल्या रविवारी जेवण झाल्यावर सगळं सांगून टाकलं. साखरपुड्याच्या चेष्टेसकट, दुसऱ्या मेडिकलसकट. हे सगळं लिहून छापायला देतोय, हेही सांगितलं. वाटलं, रडतील, मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून ताटं घासायला गेल्या.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मला काट्यावर न्याल का?" मी घ्यायला गेलो तर हातात तीच बाटली, काठोकाठ भरलेली, बाहेरून फडक्याने पुसलेली. स्कूटरवर त्यांनी ती मांडीवर उभी धरली होती. केबिनमागे जाऊन त्या झाडासमोर उभ्या राहिल्या, एक पिवळं पान खुडलं, मग बुंध्याशी वाकून सावकाश पाणी ओतायला लागल्या. काट्यावर ट्रेलर चढला, जमीन हलली. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी बाटली उलटी धरली, झाकण घट्ट लावलं आणि ती माझ्यापुढे केली.

"बघा," त्या म्हणाल्या, "रोज अशीच यायची."